बरणीतल्या माश्या

हॅटीला लष्करी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाल्याची बातमी आली, तेव्हा तिचा बाप डेल्मर क्रॉली पडवीत बसून मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्या दुरुस्त करत होता. बाहेर खाडी अजून गोठलेली होती. आतून लोरेन ओरडली, "डेल! हातोडा टाक आणि आत ये!" बायकोचा आवाज असा लागला होता की डेल्मरला वाटलं, घराला आग लागली. आत येऊन बघतो तर मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून स्वयंपाकघरभर नाचत होत्या, आणि शनिवारची बीन्स ओव्हनमध्ये करपत होती.

"चारही वर्षं, डॅड!" हॅटी म्हणाली. "फी, राहणं, जेवण, सगळं. आणि नंतर सैन्यात इंजिनियर."

"वा," डेल्मर म्हणाला.

"वा?" लोरेन म्हणाली. "पोरीनं एवढं केलं आणि तू नुसतं वा? तुझ्या एखाद्या राणीनं अंडी घातली तरी यापेक्षा जास्त बोलतोस."

डेल्मरने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढंच त्याला जमलं. मनातून तो आनंदला होता, आणि त्या आनंदाच्या खाली काहीतरी हळूच बसकण मारून बसलं होतं, ते त्याला तेव्हाच जाणवलं.

सैन्याचं हे वेड हॅटीला लागलं त्याला कारण होतं. ती सातवीत असताना हिवाळ्यातल्या एका वादळात भरतीचं पाणी रस्त्यावर चढलं आणि खाडीवरचा पूल घेऊन गेलं. गावाचे दोन तुकडे झाले. शाळा अलीकडे, दवाखाना पलीकडे. मग सैन्यातल्या इंजिनियरांची एक तुकडी आली आणि शाळेच्या जिममध्ये उतरली. लोरेन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, त्यामुळे त्यांचं जेवणखाण तिच्याकडे. हॅटी शाळा सुटली की थेट खाडीवर. त्या तुकडीची प्रमुख एक बाई होती, बुटकी, मोठ्या आवाजाची. तिने एके दिवशी स्वतःचं हेल्मेट हॅटीच्या डोक्यावर घातलं आणि लोखंडी पुलाचा एक बोल्ट तिला आवळू दिला. पुलावरून पहिली गाडी गेली ती ॲम्ब्युलन्स. त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही.

आता शिष्यवृत्ती हातात आली होती, पण पक्की नव्हती. वैद्यकीय मंडळाची मोहोर उठायची बाकी होती. डोळे, कान, दात, गुडघे, सगळं खणखणीत निघालं. फक्त एका प्रश्नाला हॅटीने 'हो' लिहिलं: मधमाशी चावल्यामुळे कधी सगळ्या अंगावर परिणाम झाला आहे का?

"नाही लिहिलं असतंस तर कोण बघायला येणार होतं?" लोरेन म्हणाली.

"मॉम, मी खोटं बोलून सैन्यात जाऊ?"

"पुष्कळ लोक गेले असतील."

"मग ते जाऊ देत."

मंडळाचं उत्तर आलं: अपात्र. पण त्यातही एक फट होती. पोरगी हुशार आहे, तिला सूट मिळावी, अशी मागणी कॉलेजने स्वतःहून केली. मग सुरू झालं वाट बघणं. रोज सकाळी हॅटी नाश्त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडायची. पडद्यावर तिच्या नावापुढे एकच शब्द असायचा: विचाराधीन. ती तो वाचायची, झाकण मिटायची आणि ओटमील खायला लागायची. लोरेन काही विचारायची नाही. डेल्मर कॉफीच्या कपात बघायचा.

ती माशी त्याचीच होती, हे तिघांनाही माहीत होतं.

हॅटी सहा वर्षांची असल्यापासून बापाच्या मागे पेट्यांवर जायची. माश्या शांत करायचा धुराचा डबा तिच्याकडे. कुठल्या पेटीला किती धूर द्यायचा, कुठली पेटी आज चिडली आहे, हे तिला आवाजावरून कळायचं. डेल्मर घरात फार बोलायचा नाही, पण पेट्यांपाशी त्याची जीभ सुटायची. त्याचा बाप कसा होता, तो स्वतः मासेमारीच्या बोटीवर का टिकला नाही, लोरेनला त्याने पहिल्यांदा कुठे पाहिलं, हे सगळं त्याने हॅटीला पेटीतल्या पोळ्याच्या चौकटी उचलता उचलता सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला ते माहीतही नव्हतं.

पूल झाला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एक माशी तिच्या मानेला चावली. त्याआधी शंभर वेळा चावल्या असतील. या वेळी मात्र तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि ती "डॅड, मला श्वास..." एवढं म्हणून गवतात बसली. लोरेनने गाडी अशी हाकली की वाटेतल्या दोन टपालपेट्या आडव्या झाल्या. पोरगी वाचली. डेल्मरने दुसऱ्याच दिवशी परसातल्या सगळ्या पेट्या उचलून ओढ्यापलीकडच्या कुरणात नेल्या. कामाचे कपडे तो शेडमध्ये काढू लागला. नोव्हेंबरच्या गारठ्यातही बाहेरच्या नळाखाली अंग धुऊन मगच घरात पाऊल टाकायचा. हॅटी कधी सोबत आलीच तर गाडीत काचा बंद करून बसायची आणि बाप काम करताना बघायची. काचेआडून दोघं खुणांनी बोलायचे. पण खुणांनी माणूस बोलणार किती?

तेव्हापासून अंगाला सवय व्हावी म्हणून तिला माशीच्याच विषाची इंजेक्शनं सुरू झाली, आधी थेंबाचाही अंश, मग हळूहळू जास्त. दर महिन्याला डेल्मर तिला घेऊन जायचा. पाच वर्षं एकही खेप चुकली नाही. डॉक्टर म्हणायचे, आता बहुतेक धोका टळला. पण बहुतेक या शब्दावर लष्कर चालत नाही.

एप्रिलच्या शेवटी कॉलेजमधून कॅप्टन ओडेल यांचा फोन आला. हॅटीने तो टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकवला.

"मंडळाला इंजेक्शनांचे अहवाल पुरेसे वाटत नाहीत," कॅप्टन म्हणाले. "हॅटी, अशी एक चाचणी असते म्हणे, हॉस्पिटलमध्ये, देखरेखीखाली खरी माशी चावू देतात. त्यात तू ठीक राहिलीस तर तुझी बाजू भक्कम होईल. मी वचन देत नाही हं. आणि माझ्याकडे जुलैअखेरपर्यंतच वेळ आहे. त्यानंतर जागा पुढच्या मुलाला जाईल."

"मी करते, सर," हॅटी म्हणाली. आईबापाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

पोर्टलंडच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर लेविन म्हणून बाई होत्या, त्या ही चाचणी करायच्या. त्यांनी डेल्मरशी फोनवर बोलताना विचारलं, "आमच्याकडे माश्या पुरवणाऱ्याच्या पेट्या यंदा थंडीत मेल्या. तुमच्याच आणाल का? फक्त पोक्त माश्या आणा. नुकत्या जन्मलेल्यांत विष नसतंच म्हणा ना. चाचणीला अर्थ राहणार नाही."

"माहीत आहे," डेल्मर म्हणाला.

लोरेनने हे ऐकलं आणि भांडं आपटलं. "म्हणजे आपल्याच माश्या बरणीत भरायच्या, अर्धा दिवस गाडी हाकायची आणि मोठ्या शहरात जाऊन आपल्याच पोरीला चावून घ्यायचं. घरी फुकट होत होतं तेव्हा आपण रडलो!"

हॅटी हसली. मग लोरेनही हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसावेत तसे तिने एप्रनने पुसले.

निघायच्या दिवशी सकाळी डेल्मर एकटा कुरणात गेला. ऊन नुकतं तापू लागलं होतं. झाकणाला भोकं पाडलेली लोणच्याची बरणी त्याने गवतात ठेवली आणि एक पेटी उघडली. मधल्या चौकटीवर नुकत्या मेणाची कोठडी फोडून बाहेर आलेल्या माश्या होत्या, राखी, लव असलेल्या, अजून नीट चालताही न येणाऱ्या. त्यांना धड चावता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी ते बोलून दाखवलं नसतं तर कदाचित डेल्मरच्या मनात आलंही नसतं. आता आलं होतं. त्याने त्यातली एक उचलली, मग दुसरी, आणि बरणीत सोडली. त्या काचेवर चढत होत्या आणि घसरत होत्या.

चावलं काय, न चावलं काय, पोरीला काही होणार नाही. कागदावर लिहिलं जाईल, ठीक आहे. ती जाईल तिला जायचं तिथे.

बरणी हातात धरून तो उभा राहिला. त्याच्यासमोर कुरणाच्या टोकाला त्याची सगळ्यात तिखट पेटी होती. तिच्या तोंडाशी गेलं तरी माश्या अंगावर यायच्या. तिच्यातल्या घेतल्या तर? समजा पोरीचा घसा आवळला. हॉस्पिटल आहे, डॉक्टर आहेत, तिला वाचवतील. आणि मग ती कुठेच जाणार नाही. इथेच राहील, काचेआड का होईना.

हा विचार मनात आला तसा डेल्मर दचकला. कुणीतरी ऐकलं असावं तसं त्याने मागे वळून पाहिलं. कुरणात कुणी नव्हतं. तो खाली बसला. आपल्याच पोरीबद्दल आपण असा विचार करू शकतो, हे त्याला माहीत नव्हतं.

बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग त्याच्या डोळ्यांसमोर हॅटी आली, मोठी, गणवेशातली, कुठल्यातरी दूरच्या नदीकाठी, जिथे लोरेन गाडी घेऊन येणार नाही. तिथेही माश्या असतीलच. तिथे चावलेली माशी कोवळी आहे की पोक्त, हे कोण निवडणार?

त्याने बरणी उघडली आणि त्या राखी माश्या एक एक करून पुन्हा चौकटीवर ठेवल्या. मग रोजच्या, मधल्या एका पेटीच्या तोंडाशी जाऊन, पंख झिजलेल्या, बाहेरून परागकण घेऊन येणाऱ्या पाचसहा धरल्या. ना तिखट, ना गरीब. जशा असतात तशा.

गाडीत बरणी हॅटीच्या मांडीवर होती. लोरेनला शाळेतून सुट्टी मिळाली नव्हती, तिने अंड्याची सँडविचेस आणि मलईभरल्या चॉकलेट केकची पिशवी दिली होती आणि निघताना एवढंच म्हणाली होती, "पोहोचल्यावर फोन, चावल्यावर फोन, आणि मधे काही झालं नाही तरी फोन."

हॅटी बरणी उन्हाकडे धरून बघत होती.

"डॅड, ही बघ. हिच्या पायाला अजून पिवळं आहे. कामावरून येतानाच पकडलीस वाटतं."

"हो."

"बिचारी. घरी पोहोचलीच होती." मग थोड्या वेळाने, "किती दिवसांनी इतक्या जवळून बघतेय मी."

डेल्मर रस्त्याकडे बघत राहिला.

"तुला मी जायला नकोय ना?" ती एकदम म्हणाली.

"असं कुठे म्हटलं मी?"

"तू काहीच म्हणत नाहीस. म्हणून विचारते."

"नकोय," डेल्मर म्हणाला. "आणि तुला जायला मिळावं असंही वाटतं. दोन्ही आहे."

हॅटीने पिशवीतून एक केक काढून अर्धा केला आणि मोठा तुकडा त्याला दिला. पोर्टलंड येईपर्यंत पिशवी रिकामी झाली.

डॉक्टर लेविन पांढऱ्या केसांच्या, झटपट हालचालींच्या बाई होत्या. त्यांनी हॅटीला खाटेवर बसवलं, हातात सुई टोचून नळी लावली, बोटाला यंत्र अडकवलं. इंजेक्शनं भरून तयार ठेवली. नर्स खाटेला लागूनच उभी राहिली.

"घाबरलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, मॅडम. पण एक विचारू? माशी डॅडने लावली तर चालेल? आमच्याकडे... म्हणजे पूर्वी सगळं आम्ही दोघं करायचो."

डॉक्टरांनी डेल्मरकडे निरखून पाहिलं. "तुमचा हात थरथरणार नाही ना?"

"थरथरेल," डेल्मर म्हणाला. "पण माशी सुटणार नाही."

"मग या."

त्याने बरणीतून एक माशी पंखांना धरून काढली. तीच, पायाला पिवळं लागलेली. हॅटीने हात पुढे केला. लहानपणी दात पाडताना मिटायची तसे डोळे तिने मिटले नव्हते. ती माशीकडे बघत होती. डेल्मरने तिचं मनगट धरलं आणि माशीचं पोट हलकेच तिच्या कातडीला टेकवलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग हॅटीने श्वास आत ओढला, आणि डंख बसला.

"वेळ लिहा," डॉक्टर म्हणाल्या.

माशी डेल्मरच्या चिमटीत मेली. ती कुठे ठेवावी त्याला कळेना. शेवटी त्याने ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

त्यानंतरचा काळ यंत्राच्या आवाजात गेला. डॉक्टर दर थोड्या वेळाने घसा बघत, छाती ऐकत. हॅटीच्या हातावर एक लाल टेकाड उठलं आणि तिथेच राहिलं. डेल्मर तिच्या ओठांकडे बघत होता. बोलताना ती जरा थांबली तरी तो यंत्रावरच्या आकड्यांकडे बघायचा. अचानक हॅटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"काय होतंय?" नर्स झटकन पुढे आली. "श्वास?"

"नाही," हॅटी म्हणाली. "वास. केळ्यांचा. डंखाचा असाच वास यायचा, पिकल्या केळ्यांचा. मी विसरलेच होते, डॅड."

डेल्मरने मान हलवली. तो विसरला नव्हता. पण हा वास तिला आवडायचा, हे त्याला आज कळत होतं.

संध्याकाळी डॉक्टर लेविन यांनी नळी काढली. "अंगावर कुठेही काही नाही. अहवाल आजच जाईल." मग त्या म्हणाल्या, "तातडीचं इंजेक्शन कायम खिशात ठेवायचं. पण माझ्या मते तू आता माश्यांत जाऊ शकतेस."

बाहेर येताच त्यांनी लोरेनला फोन केला. पलीकडून काही वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "उरलेल्या माश्या घरी आणायच्या नाहीत हं."

त्या उन्हाळ्यात ब्लूबेरीच्या माळावर फुलोरा आला तेव्हा हॅटी बापाबरोबर कामावर होती. माळ म्हाताऱ्या आर्लो वूस्टरचा. फुलोऱ्यात परागीकरणासाठी पेट्या त्याच्याकडे भाड्याने असायच्या. पाच वर्षांत साठलेलं बोलणं डेल्मरच्या तोंडून आता आपोआप बाहेर यायला लागलं. दुपारी दोघं दगडावर बसून डबा खायचे. हॅटी राणी शोधायला अजूनही त्याच्यापेक्षा चपळ होती. कितीतरी दिवसांनी डेल्मर रात्री गाढ झोपू लागला.

आणि तरी रोज काम आटोपलं की हॅटी माळाच्या उंचवट्यावर जायची. माळावर मोबाइलला तिथेच रेंज यायची. ती फोन वर धरायची, बघायची, आणि मग फोन खिशात टाकून तशीच उभी राहायची, पूर्वेला समुद्राकडे नाही, गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. खालून डेल्मर बघत असायचा. पहिल्या दिवसांत उत्तर आलं नाही की त्याला चोरटं बरं वाटायचं. अजून एक दिवस आपला.

आर्लोने एकदा तिला हटकलं. "काय गं, सैन्याला नको असशील तर माझ्याकडे ये. ऑगस्टमध्ये फणीसारखं दाताळं घेऊन बेरी ओढायला माणसं मिळत नाहीत."

"बघते, आर्लो," ती हसून म्हणाली. पण ती उंचवट्यावरून उतरली तेव्हा डेल्मरने तिचा चेहरा पाहिला. तिला सगळं मिळालं होतं, पेट्या, धूर, ऊन, बाप. आणि ती त्यात नव्हती. तिच्या शेजारी बसूनही त्याला तिची आठवण यायला लागली होती.

फुलोरा संपला, पेट्या कुरणात परत आल्या, तरी हॅटी रोज संध्याकाळी उंचवट्यावर जायचीच. जुलै अर्धा सरला. पडद्यावरचा शब्द बदलला नाही. लोरेनने सरकारी विद्यापीठाच्या प्रवेशाचा विषय काढला तेव्हा हॅटी म्हणाली, "हो, तेही चांगलंच आहे," आणि उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

दुसऱ्या दिवशी डेल्मरने दाढी केली, चांगला शर्ट घातला आणि माळाच्या उंचवट्यावर जाऊन कॅप्टन ओडेलना फोन लावला. फोनवर बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. शर्ट का घातला हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"मी हॅटी क्रॉलीचा बाप," तो म्हणाला. "मला काही मागायचं नाहीये."

"बोला, मिस्टर क्रॉली."

"ती रोज इथे येऊन उभी राहते. संध्याकाळची. रेंज इथेच आहे. तुम्हाला कागदावर ते दिसत नसेल, म्हणून सांगतोय."

"फाइल मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर आहे," कॅप्टन म्हणाले. "मी दोनदा आठवण करून दिली. आज तिसऱ्यांदा देतो."

"आणि अजून एक," डेल्मर म्हणाला. "माशी मी निवडली होती. खरी होती. पोक्त. कुणी विचारलं तर सांगा."

"सांगेन," कॅप्टन म्हणाले.

डेल्मर घरी आला आणि शर्ट बदलून कामाला लागला. या फोनबद्दल त्याने कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी लोरेन चर्चला गेली होती. डेल्मर गाडीतून रिकाम्या पेट्या आणत होता, तेवढ्यात रस्त्याच्या चढावर त्याचा फोन वाजला.

"मिस्टर क्रॉली, हॅटीचा फोन लागत नाहीये."

"ती कुरणात आहे, सर. तिथे रेंज नाही."

"तिला ताबडतोब मला फोन करायला सांगाल?"

"हो की नाही, सर?"

"ते मी तिलाच सांगायला हवं," कॅप्टन ओडेल म्हणाले. मग त्यांचा आवाज सैल झाला. "पण वाईट बातमी द्यायला मी माझा रविवार घालवत नाही."

डेल्मरने गाडी ओढ्याअलीकडे लावली आणि चालत निघाला. गवत कमरेएवढं वाढलं होतं. लांब, पेट्यांच्या ओळीत, जाळीची टोपी घातलेली हॅटी वाकून काम करत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. तिला अजून ठाऊक नव्हतं. या क्षणी हे फक्त त्याला ठाऊक होतं. त्याची चाल आपोआप मंद झाली. तिच्यापाशी पोहोचला तेव्हा तिच्या हातात चौकट होती, माश्यांनी झाकलेली, मधाने जड झालेली.

"बघ डॅड, कशी भरलीय!"

त्याने ती चौकट नीट बघितली. दोन्ही बाजूंनी. हॅटीने ती सावकाश पेटीत बसवली, झाकण लावलं. मग तो म्हणाला, "कॅप्टनचा फोन आला होता. रस्त्याच्या चढावर जा आणि त्याला लाव. पळ."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. जाळीमुळे तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"डॅड?"

"पळ म्हटलं ना!"

ती पळाली. टोपी वाटेतच पडली. डेल्मर तिथे उभा राहून वाट बघत होता. जरा वेळाने चढावरून किंकाळी ऐकू आली, आणि ती दुःखाची नव्हती. त्याने टोपी उचलली, तिच्यावरचं गवत झटकलं. माश्या त्याच्याभोवती आपापल्या कामात होत्या.

ऑगस्टमध्ये दोघांनी तिला कॉलेजात पोहोचवलं. मोठ्या मैदानाकडेला आईबापांना सांगण्यात आलं, निरोप आत्ताच घ्या आणि लवकर घ्या. लोरेनने पोरीला इतकं आवळलं की एका वरच्या वर्गातल्या मुलाने खाकरून घेतलं.

"तू खाकर," लोरेन त्याला म्हणाली. "तुझ्या आईला भेटले तर सांगेन तिला."

हॅटी डेल्मरकडे आली. "पेट्या एकट्याने उचलू नकोस," ती म्हणाली. "पाठ धरते तुझी."

"बरं."

"डॅड, खरंच."

"बरं म्हटलं ना," डेल्मर म्हणाला, आणि मग त्याच्याने राहवेना म्हणून, "तू गेलेली मला आवडत नाहीये, हॅट. आणि तू इथे आलीस म्हणून छाती भरून आलीय."

"दोन्ही आहे," ती म्हणाली, आणि धावत आत गेली.

आईबापांनी निघावं अशी सूचना झाली. लोक गाड्यांकडे वळले. डेल्मर कुंपणापाशी थांबला. इमारतीमागून नवीन मुलामुलींची एक रांग बाहेर आली, सगळ्यांना एकसारखे कपडे, एकसारख्या टोप्या, केस टोपीत कोंबलेले. कुणी इकडे तिकडे बघत नव्हतं. बघायची परवानगी नव्हती.

"तिसरी," लोरेन म्हणाली.

"नाही, ती पाचवी. चाल बघ."

"चाल कसली बघतोस? मी जन्म दिलाय. तिसरी आहे ती."

रांग वळली आणि दुसऱ्या इमारतीमागे गेली. तिसरी आणि पाचवी, दोघीही दिसेनाशा झाल्या.

"चल आता," लोरेन म्हणाली. "अंधार पडायच्या आत घर गाठू."

"थांब जरा," डेल्मर म्हणाला. "याच बाजूने परत येतील."

लोरेनने पर्समधून सँडविच काढलं, अर्धं त्याला दिलं, आणि दोघंही कुंपणावर हात टेकून रांग परत यायची वाट बघत उभे राहिले.